फोटोखालची ओळ

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

रेडिओवर फोटोंबद्दल बोलायचं म्हणजे आंधळी कोशिंबीर. मी सांगणार आणि तुम्ही डोळ्यांसमोर आणणार. विहिरीवर एक बाई उभी आहे असं मी म्हटलं की तुम्ही तिला उभी करणार. ती बाई खरोखर होती की नव्हती, हे तपासायला तुमच्याजवळ माझ्या शब्दाशिवाय काहीच नाही. आजचा विषयही नेमका हाच आहे. म्हणून आधीच सांगून ठेवतो. या बोलण्यात येणारे काही फोटो माझ्या भाच्याचे आहेत, काही जगभर गाजलेले आहेत, आणि एक असा आहे की त्याच्याखालची ओळ मी लिहिली होती आणि ती खोटी होती.

मागच्या उन्हाळ्यात माझा भाचा लॅपटॉप घेऊन घरी आला. अमरावतीत लग्नाचे फोटो काढतो, वेळ मिळाला की कॅमेरा घेऊन मेळघाटात जातो. पुण्याच्या एका संस्थेत फोटोग्राफी शिकायला जायचं त्याच्या मनात होतं आणि तिथे अर्जासोबत पोर्टफोलिओ मागितला होता. चोवीस फोटो त्याने निवडून आणले होते. म्हणाला, "मामू, प्रत्येकाच्या खाली एकेक ओळ लिहून द्या. तुमची मराठी जबरदस्त आहे."

मी म्हटलं, लिहितो. पण आधी प्रत्येक फोटो कुठे काढला, केव्हा काढला, त्यात कोण आहे आणि काढला कोणी, ते सांग. तो हसला. दहा मिनिटांचं काम आहे असं त्याला वाटलं होतं. आम्हाला तीन दिवस लागले.

पोर्टफोलिओ म्हणजे काय, हे सगळ्यांनाच माहीत असेल असं नाही. साध्या भाषेत तो नमुन्यांचा गठ्ठा. सुतार आपण केलेला दरवाजा दाखवतो, शिंपी शिवलेली शेरवानी दाखवतो, तसा फोटोग्राफर आपल्या निवडक फोटोंचा संच दाखवतो. त्यावर त्याला काम मिळतं, प्रवेश मिळतो, बक्षीस मिळतं. पण दरवाजा ठोकून बघता येतो, शेरवानी घालून बघता येते. फोटोचं तसं नाही. पाहणारा त्या जागी नव्हता. म्हणून पोर्टफोलिओतला प्रत्येक फोटो न बोलता दोन गोष्टी कबूल करत असतो. एक, हे मी काढलं आहे. दोन, हे असं होतं. यातली एक जरी खोटी निघाली, तरी उरलेल्या तेवीस फोटोंकडे पाहणारा संशयाने बघू लागतो.

यावर भाच्याचं पहिलंच उत्तर होतं, "मामू, सब करते. फोटोशॉप कोण करत नाही?"

त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. फोटोत हात फिरवणं फोटोग्राफीइतकंच जुनं आहे, आणि त्यात आपली मुंबईही मागे नव्हती. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. तिचा एक सभासद विल्यम जॉन्सन याने मुंबईतल्या जातीजमातींच्या लोकांच्या फोटोंचे दोन ग्रंथ १८६३ आणि १८६६ साली लंडनहून प्रसिद्ध केले. त्या फोटोंत माणसं मुंबईतल्या देखाव्यांपुढे उभी दिसतात. प्रत्यक्षात माणसांचे फोटो वेगळे घेतलेले, मागचे देखावे वेगळे, आणि दोन्ही जोडून एक चित्र केलेलं. संगणकाच्या शंभर वर्षं आधीचं हे फोटोशॉप.

आमच्या लहानपणी अमरावतीच्या स्टुडिओत पाठीमागे ताजमहाल रंगवलेला पडदा असायचा. फोटोग्राफर निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून देवीचे व्रण पुसायचा. घरातलं कुणी वारलं आणि त्याचा एकट्याचा फोटो नसला, की लग्नाच्या ग्रुपफोटोतून त्याचा चेहरा काढून त्याला कोट-टाय चढवून भिंतीवरची तसबीर करून द्यायचा. माझ्या एका मित्राच्या आजोबांनी आयुष्यात धोतराशिवाय काही नेसलं नाही, पण भिंतीवर ते टायमध्ये आहेत. यात कोणी फसलं का? नाही. आजोबा टाय घालत नसत हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ताजमहाल पडद्यावरचा आहे हे फोटो काढून घेणाऱ्यालाही माहीत होतं आणि बघणाऱ्यालाही. हीच तसबीर जर त्या स्टुडिओवाल्याने 'वऱ्हाडातील वकील, १९४०' असं लिहून प्रदर्शनात मांडली असती, तर ती लबाडी झाली असती. फोटो तोच, बदलली फक्त खालची ओळ.

आम्हा गझल लिहिणाऱ्यांना ही वाट नवी नाही. सुरेश भट अमरावतीचे. गझल मराठीत रुजवताना त्यांनी तिचे नियमही नव्या कवींना समजावले. या परंपरेत उस्तादाने शिष्याच्या शेरावरून हात फिरवण्याला इस्लाह म्हणतात. शब्द इकडचा तिकडे होतो, वजन नीट बसतं, पण खयाल शिष्याचाच राहतो. फोटोचा उजेड कमीजास्त करणं, तिरपी चौकट सरळ करणं, सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका काढणं, ही इस्लाह. पूर्वी डार्करूममध्ये कागदावर हाताची सावली धरून हेच व्हायचं. बातमीच्या फोटोत याची हद्द फार अलीकडे संपते, लग्नाच्या फोटोत ती बरीच पुढे जाते. नवरीच्या गालावरचा पुरळ काढला म्हणून कोणी कोर्टात जात नाही.

गझलेत चोरीलाही शब्द आहे: सरका. मराठीत 'सरका' म्हटलं की माणूस बाजूला होतो, उर्दूत 'सरका' म्हटलं की शायराची मान खाली जाते. दोन शायरांना एकमेकांची खबर नसताना तोच खयाल सुचला तर त्याला तवारुद म्हणतात, आणि तो गुन्हा नाही. दुसऱ्याची ओळ उघडपणे, त्याची आहे हे सांगून, आपल्या रचनेत गुंफली तर ती तजमीन. तिच्यात तर मोठेपणा आहे. म्हणजे ओळ एकच असू शकते. ती सरका आहे की तजमीन, हे कवी तिच्याबद्दल काय सांगतो यावर ठरतं.

फोटोग्राफीत याचा एक ठळक दाखला मुंबईशी जोडलेला आहे. मेरी एलन मार्क या अमेरिकी छायाचित्रकार बाईने १९७८ च्या सुमारास मुंबईच्या फॉकलंड रोडवर जाऊन तिथल्या बायकांचे फोटो काढले. आधी शिव्या खाल्ल्या, अंगावर कचरा झेलला, मग हळूहळू त्या बायकांचा विश्वास मिळवला. १९८१ साली त्याचं पुस्तक झालं. पुढे २०१७ मध्ये सौविद दत्ता नावाच्या तरुण छायाचित्रकाराचा कोलकात्याच्या सोनागाचीतला एक फोटो चर्चेत आला. त्यातली मागे दिसणारी एक व्यक्ती मार्कबाईंच्या फॉकलंड रोडच्या फोटोतून उचललेली निघाली. बंगळूरुच्या एका वाचक बाईच्या नजरेने ते पकडलं. दत्ताने मुलाखतीत कबुली दिली. इतरांचेही काही फोटो आपले म्हणून दाखवल्याचं मान्य केलं. या तरुणाला मोठमोठी बक्षिसं आणि शिष्यवृत्त्या मिळाल्या होत्या. तो कोलकात्याला गेलाच नव्हता असं नाही. गेला होता, स्वतःचे फोटो काढले होते, आणि त्यातले काही चांगलेही असतील. पण आता ते चांगले होते असं कोण छातीठोकपणे म्हणणार?

मराठी मुलखातला गाजलेला दाखला तर पोलिसांचाच आहे. पुणे पोलीस दलातलं दिनेश आणि तारकेश्वरी राठोड हे जोडपं. मे २०१६ मध्ये आपण एव्हरेस्ट सर केल्याचं त्यांनी जाहीर केलं, शिखरावरचे फोटो दाखवले, नेपाळकडून प्रमाणपत्रही मिळालं. पुण्यातल्याच गिर्यारोहकांना शंका आली, कारण फोटोंतले कपडे आणि बूट जुळत नव्हते. सत्यरूप सिद्धांत या गिर्यारोहकाने ते मूळ फोटो आपले असल्याचं सांगितलं. जोडप्याने आरोप नाकारले. पण चौकशीनंतर नेपाळने प्रमाणपत्र रद्द केलं, दोघांवर दहा वर्षांची बंदी घातली, आणि २०१७ मध्ये पुणे पोलिसांनी त्यांना नोकरीतून बडतर्फ केलं. शिखरावर पंच नसतो, पाहुणे नसतात. तिथे फोटो हाच साक्षीदार. म्हणून तर तो खोटा करण्याचा मोह होतो.

हे सगळं सांगून झाल्यावर भाचा म्हणाला, "मी असलं काही केलेलं नाही." आणि खरंच केलेलं नव्हतं. त्याच्या गठ्ठ्यातले घोटाळे लहान होते. पण आपल्यापैकी बहुतेकांचे तसेच असतात.

एक फोटो रानपिंगळ्याचा होता. पिंगळ्याच्या जातीचा हा छोटा पक्षी मेळघाटच्या सागवानात दिसतो. फोटो सुरेख होता, डोळे अगदी पिवळेजर्द. मी विचारलं, तूच काढलास? तो चुळबुळला. कॅमेरा मित्राचा, लांब पल्ल्याची लेन्स मित्राची, पक्षी शोधला मित्राने, मापंही त्यानेच लावून दिली. बटण मात्र याने दाबलं. कायद्याने बघितलं तर १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा फोटो घेणाऱ्यालाच त्याचा कर्ता मानतो. म्हणजे भाचा सुटला. पण पोर्टफोलिओ बघणारा तो फोटो पाहून काय समजेल? की या मुलाला जंगल वाचता येतं, पक्षी हेरता येतो, असली लेन्स हाताळता येते. यातलं काहीच खरं नव्हतं.

रानपिंगळ्यावरून मला दुसरीच गोष्ट आठवली आणि ती मी त्याला सांगितली. हा पक्षी १८८४ नंतर कोणा जाणकाराला दिसलाच नव्हता. तो नामशेष झाला असंच धरून चालले होते. मधे एकच नोंद होती. माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात पेंढा भरलेला एक रानपिंगळा होता आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं, १९१४, मांडवी, गुजरात. ही चिठ्ठी खोटी होती. जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला पक्षी याने लंडनच्या संग्रहालयातून उचलला, उकलून पुन्हा भरला आणि वर आपली चिठ्ठी लावली. अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली, गुजरातचा नाद सोडला आणि डेव्हिडसनच्या खऱ्या चिठ्ठ्यांवर भरवसा ठेवला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा त्यांच्या सोबत्यांना आणि त्यांना दिसला. एकशे तेरा वर्षांनी! पुढे मेळघाटातही तो आढळला. संग्रहातल्या एका खोट्या ओळीने माणसं कुठल्या कुठे भरकटतात, आणि एका खऱ्या ओळीने पक्षी सापडतो. माझ्या मते हे कवितेपेक्षा मोठं आहे.

भाच्याने तो फोटो काढून टाकला नाही. खाली लिहिलं, 'मित्रासोबत, त्याच्या कॅमेऱ्याने, मेळघाट.' मला ते काढून टाकण्यापेक्षा आवडलं.

वन्यप्राण्यांच्या फोटोत आणखी एक मोह असतो. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमची स्पर्धा जगात मानाची. २००९ साली तिथे पहिला आलेला फोटो होता, रात्री फाटकावरून झेप घेणारा लांडगा. काही महिन्यांनी परीक्षकांनी तो बाद केला. तो लांडगा रानातला नसून माणसाळवलेला, शिकवलेला असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. फोटोग्राफरने ते नाकारलं. फोटो खराब नव्हता, झेपही खरी होती. रानटी हा एक शब्द तेवढा खरा नव्हता, आणि बक्षीस त्या शब्दाला होतं.

आता माझी गोष्ट.

२००६ च्या आसपासचे ते दिवस आठवा. वऱ्हाडातल्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या रोज येत होत्या. पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. दिल्ली-मुंबईचे कॅमेरे यवतमाळ, अकोला, अमरावतीच्या खेड्यांत फिरत होते. नवऱ्याची तसबीर मांडीवर घेतलेली बाई, असा फोटो इतक्यांदा छापून आला की पुढेपुढे बाया स्वतःच तसबीर काढून आणत. फोटोवाले आले म्हणजे ती लागते, हे त्यांना कळून चुकलं होतं.

माझा एक छायाचित्रकार मित्र अकोल्याच्या कापूस बाजारात फोटो काढत होता. त्यात एक म्हातारा बैलबंडीला टेकून, डोकं हातात धरून बसलेला. मागे कापसाची गंजी. मित्राने तो मोठा करून प्रदर्शनात लावायचं ठरवलं आणि मला म्हणाला, दोन ओळी दे. मी दिल्या. त्या इथे म्हणून दाखवत नाही. कर्ज, फास, रिकामं घर असं सगळं त्यांत होतं. लोक फोटोपुढे थांबायचे, ओळी वाचायचे, डोळे पुसायचे. पुढे एका दिवाळी अंकात तो फोटो माझ्या ओळींसकट छापून आला. मी खूश होतो.

दोनेक महिन्यांनी मूर्तिजापूरकडच्या एका गावातून मला निरोप आला. तो म्हातारा मला शोधत होता. मी एसटीने गेलो. मनात होतं, अंक पाहून बुवा खूश झाले असतील, एखादी प्रत मागतील. घर बेताचं पण नीटनेटकं. चहा आला. मग त्यांनी तो अंक पुढे ठेवला.

"हे तुमी ल्याहलं काय?"

मी हो म्हटलं.

"मी कर्जात बुडालो हे तुमाले कोनं सांगतलं?"

मी गप्प.

"बाप्पा, माही दाढ दुखत होती. दोन रोजापासून झोप नोती. म्हून बसलो होतो डोकं धरून."

त्यांच्या धाकट्या मुलीची सोयरीक ठरत आली होती. मुलाकडच्या कोणीतरी तो अंक पाहिला. घर बुडालेलं आहे, म्हातारा काय करून घेईल सांगता येत नाही, अशा घरात मुलगा द्यायचा कशाला, असं झालं आणि बोलणी मोडली. म्हातारे मला शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी दिल्या नाहीत. एवढंच म्हणाले, "फोटो काहाडला त्याचं काई नाई. पन माहीत नोतं तं इचारा लागत होतं."

मी त्या मुलाकडच्यांना पत्र लिहिलं. फोटोखालचा मजकूर माझा आहे, त्या गृहस्थांना मी कधी भेटलो नव्हतो, त्यांची दाढ दुखत होती, बाकी सगळी माझी कल्पना. उत्तर आलं नाही. मुलीचं पुढच्या वर्षी दुसरीकडे जमलं, हे मला नंतर कळलं. पण म्हणून माझ्या ओळी खऱ्या होत नाहीत.

कोणी म्हणेल, कर्जबाजारी शेतकरी होतेच ना? होते, हजारोंनी होते. मीही स्वतःला तेच समजावत होतो, की हा नसला तर शेजारचा असेल, सत्य मोठं आहे. पण मोठ्या सत्यासाठी मी एका खऱ्या माणसाचा चेहरा वापरला, आणि त्याला विचारलं नाही. कवितेत मी कोणताही म्हातारा कल्पनेने उभा करू शकतो, त्याला नाव नसतं, गाव नसतं. फोटोतल्या म्हाताऱ्याला दोन्ही असतात, आणि लग्नाची मुलगीही असते.

खालच्या ओळीने काय होतं ते मी थोडं स्वतःही भोगलं आहे. एका कार्यक्रमाच्या बातमीत माझा फोटो आला आणि खाली छापलं होतं, 'प्रसिद्ध उर्दू शायर'. मी उभ्या जन्मात उर्दूत एक ओळ लिहिलेली नाही. नाव आणि टोपी बघून कोणीतरी ठरवून टाकलं. 'प्रसिद्ध' हेही खरं नव्हतं, पण त्याची तक्रार मी केली नाही.

ही गोष्ट भाच्याला मी पहिल्यांदाच सांगितली. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने स्वतःच एक फोटो पुढे केला. धारणी भागातलं कोरकू पोर, हातापायाच्या काड्या, नाकाला माशी. आरोग्य शिबिरात काढलेला. आईला विचारलं होतं का? नाही. पोराचं नाव? माहीत नाही. आज ते कसं आहे? माहीत नाही. मेळघाट नव्वदच्या दशकापासून देशाला दोनच चेहऱ्यांनी ठाऊक आहे, वाघ आणि कुपोषित पोर. तिथे लग्नं होतात, बाजार भरतो, पोरं शाळेतून पळून जातात, याचे फोटो कोणाच्या पोर्टफोलिओत नसतात. भूक दाखवूच नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. दाखवलीच पाहिजे. पण ते पोर पुण्याला प्रवेश मिळवून देण्यासाठी जन्मलेलं नाही. २०१८ साली एका इटालियन छायाचित्रकाराच्या फोटोंवर जगभर टीका झाली होती. त्याने उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातल्या गरीब माणसांना खोट्या पक्वान्नांच्या टेबलापुढे डोळ्यांवर हात ठेवून उभं केलं होतं आणि आवडता पदार्थ मनात आणायला सांगितलं होतं. त्याने काही लपवलं नव्हतं, सगळं सांगूनच केलं होतं. म्हणजे नुसतं खरं सांगितलं की सगळं माफ, असंही नाही.

कोरकू पोराचा फोटो भाच्याने काढला. माझ्या सांगण्याशिवाय.

मग लग्नाचे फोटो. चोवीसपैकी सात. इथे कायदा काय म्हणतो ते बहुतेकांना माहीत नसतं, फोटोग्राफरांनाही नसतं. कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, पैसे देऊन कोणी फोटो काढून घेतले आणि वेगळा करार केलेला नसला, तर त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे तुमच्या मुलीच्या लग्नाचे फोटो तुमचे. फोटोग्राफर त्यांचा कर्ता राहतो, कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा त्याचा हक्क वेगळा आहे. पण तुम्हाला न विचारता ते दुकानाच्या काचेत लावायला किंवा मोबाईलवर जाहिरातीत फिरवायला तो मोकळा नाही. मला आठवतं, आमच्या मोहल्ल्याजवळच्या एका स्टुडिओच्या शोकेसमध्ये एका मुलीचा फोटो मोठा करून लावला होता. छानच होता. तिचा भाऊ येऊन काच फोडून गेला. भावाचं ते वागणं मला मान्य नाही, पण स्टुडिओवाल्याने त्या मुलीला एका शब्दाने विचारलं असतं तर काच वाचली असती. आमच्याकडे निकाहात बायकांच्या बाजूचे फोटो बायकाच काढतात, ते घरातच राहतील या भरवशावर. हिंदू घरांतही हळदीचे फोटो सगळ्यांसाठी नसतात. कॅमेऱ्यापुढे दिलेलं हसू घरच्या अल्बमसाठी दिलेलं असतं.

भाच्याने सात घरी फोन केले. पाच जणांनी आनंदाने हो म्हटलं, एका नवरीने तर 'माझं नाव टाका' असं बजावलं. एकाने नकार दिला. सातवा फोटो त्याने दुसऱ्या फोटोग्राफरच्या हाताखाली, त्याच्या कामावर असताना काढलेला होता. तिथे नवरीच्या घरच्यांना आणि त्या फोटोग्राफरला, दोघांनाही विचारावं लागलं. दोघांनी हो म्हटलं, खाली 'सहायक म्हणून काम करताना' असं लिहायच्या अटीवर.

उरला लोणारचा फोटो. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं ते तुम्हाला आठवत असेल. खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांनी ते झालं, असं पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत पुढे दिसून आलं. त्या आठवड्यात माझ्या मोबाईलवर लोणारचे जितके फोटो आले, तितके गुलाबी रंग आले. शेवटचा तर सरबतासारखा होता. भाच्याने स्वतः जाऊन काढलेला फोटोही त्याने चांगलाच रंगवला होता. मूळ फाइल दाखव म्हटलं. ज्याला रॉ म्हणतात ती, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली कच्ची फाइल, पूर्वीची निगेटिव्हच म्हणा. मोठ्या स्पर्धा आता शेवटच्या फेरीत ती मागतातच. वर्ल्ड प्रेस फोटोच्या २०१५ च्या स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीतले वीस टक्के फोटो मूळ फाइलशी ताडून पाहिल्यावर बाद झाले होते. भाच्याची मूळ फाइल उघडली. पाणी फिकट, विटकरीकडे झुकणारं, आणि खरं सांगतो, त्या रंगवलेल्यापेक्षा कितीतरी विलक्षण. निसर्गाने प्राचीन सरोवरात रंग कालवला तोही या मुलाला पुरेना!

आता तर कॅमेराही लागत नाही. २०२३ मध्ये बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलावंताने सोनीच्या जागतिक स्पर्धेत कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं चित्र पाठवलं, ते एका विभागात पहिलं आलं, आणि त्याने स्वतःच उठून सांगितलं की हा फोटो नाही, बक्षीस नको. तसली चित्रं कोणी करूच नयेत असं मी म्हणणार नाही. मी स्वतः कल्पनेवर जगणारा माणूस आहे. मात्र त्याखाली 'अमुक गावी, अमुक दिवशी' असं लिहिता येत नाही, आणि लिहू नये.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चोवीसचे सतरा उरले होते. भाचा नाराज होता. "बाकीचे बत्तीस-बत्तीस पाठवतील, मामू." पाठवतील. त्यातल्या काहींना प्रवेशही मिळेल, हे मी नाकारलं नाही. ओळी त्याने स्वतःच लिहिल्या. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं.

निघताना त्याने मला ओट्यावर, खुर्ची उजेडाकडे वळवून बसवलं आणि एक फोटो काढला. अठरावा. आठवड्याने त्याने पोर्टफोलिओची प्रत पाठवली. शेवटच्या पानावर मी होतो, दूर कुठेतरी बघणारा, विचारात बुडालेला वगैरे. खाली लिहिलं होतं: 'माझे मामू. मराठीत कविता लिहितात. अमरावती, दुपारी साडेचार. फोटोसाठी बसवले आहे.'